पेन्सिलीच्या नोंदीला जागा कुठे?

सातबाऱ्याच्या उताऱ्याकडे माणसं फार वेगवेगळ्या कारणांनी येतात. जमीन घेणारा बघतो, ती खरंच विकणाऱ्याच्या नावावर आहे का. विकास सोसायटीचा सचिव बघतो, आपला इकरार चढला का आणि आपल्याआधी दुसऱ्या कुणाचा बोजा बसलाय का. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर मालकीशी फारसं देणंघेणं नसतं, तूर किती क्षेत्रात पेरली तेवढं सांगा, म्हणतात. कोर्टातला वकील तोच कागद पन्नास वर्षं मागे नेतो. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे हल्ली तो आधीच काढून आणतात आणि चहा पिताना आपल्याला काहीच माहीत नसल्यासारखं विचारतात, ‘शेती किती म्हणालात?’ आणि लग्न होऊन परगावी गेलेली बहीण मुलाच्या मोबाईलवर तो उघडून बघते, आपलं नाव अजून आहे ना. कागद एकच. प्रत्येकाचा प्रश्न मात्र निराळा.

मी तलाठी म्हणून नोकरीला लागले तेव्हा गावात तलाठ्याला ‘भाऊसाहेब’ म्हणायची रीत होती. बाई आल्यावर काय म्हणायचं यावर चावडीत बराच खल झाला आणि शेवटी ‘तलाठीबाई’वर भागलं. पुढे मंडळ अधिकारी झाले, आणि नोकरीची शेवटची वर्षं तालुक्याला ई-फेरफारचं काम पाहणारी नायब तहसीलदार म्हणून गेली. हे काम पाहणाऱ्याला खात्यात ‘डीबीए’ म्हणतात. हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या माझ्या भाच्याला हे कळलं तेव्हा तो आधी हसला, कारण त्याच्याकडे डीबीए म्हणजे डेटाबेस सांभाळणारा पक्का तंत्रज्ञ. मग मी माझं रोजचं काम सांगितलं तसा गंभीर झाला. म्हणाला, ‘मावशी, प्रोग्राम लिहिणं सोपं असतं गं. विक्रीवाल्यांना एक हवं, हिशेबवाल्यांना दुसरं, गोदामवाल्यांना तिसरं, आणि स्क्रीन सगळ्यांना मिळून एकच. आमची निम्मी नोकरी त्यातच जाते.’ त्याच्या कंपनीत ही सगळी माणसं एका मजल्यावर बसतात. माझ्याकडे ती वेगवेगळ्या कायद्यांखाली बसत होती.

मुळात सातबारा हा एक नमुना नाहीच. महसूल खात्याचे गाव नमुने १ ते २१ असे क्रमांकांनी ओळखले जातात. त्यातला सातवा म्हणजे अधिकार अभिलेख: गट क्रमांक, भोगवटादार, क्षेत्र, आकार, कुळ, इतर अधिकार. बारावा म्हणजे पिकांची नोंदवही. दोन्ही एका कागदावर वरखाली छापले म्हणून ‘सातबारा’. ज्या कुणी हे दोन वेगळे ठेवले त्यानं फार शहाणपणाचं काम केलं असं मला नोकरीभर वाटत आलं. मालकी पिढीतून एकदा बदलते आणि त्यात चूक झाली तर अख्खं भावकीचं घर कोर्टाच्या पायऱ्या चढतं. पीक दर हंगामाला बदलतं आणि चुकलं तर पुढच्या पाहणीत सुधारता येतं. म्हणून सातमधलं अक्षर हलवायचं तर आधी गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, तिथून जावं लागतं. बारासाठी पीक पाहणी पुरते. वाचणाऱ्याला कागद एक दिसतो, पण लिहिण्याचे रस्ते दोन आहेत.

राज्यात अडीच कोटींच्या वर सातबारे आहेत आणि ३५८ तालुके. हे सगळं संगणकावर आणायचं ठरलं तेव्हा या दोन रस्त्यांची आठवण सगळ्यांना होतीच असं नाही.

बैठका बऱ्याच झाल्या. मला आठवतात त्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या, जिथे पंखा जोरात चाले आणि कागद उडू नयेत म्हणून प्रत्येकानं त्यावर मोबाईल ठेवलेला असे. बँकेचा माणूस पहिल्यांदा बोलायचा. ‘आज खरेदीखत झालं तर उद्या सातबाऱ्यावर दिसलं पाहिजे. नाहीतर कर्ज कशाच्या भरवशावर द्यायचं?’ दुय्यम निबंधक कार्यालयाचा लिपिक शांतपणे सांगायचा, आम्ही १९०८ च्या नोंदणी कायद्यानं दस्त नोंदवतो, विकणारा खरा मालक आहे का हे ठरवणं आमचं काम नाही. तो टाळत नव्हता, कायदा तसाच आहे. भूमी अभिलेखचे अधिकारी म्हणायचे, नकाशा आणि आकारबंद आमच्याकडे, तेव्हा क्षेत्र आम्ही म्हणू तेच धरा. तलाठी मंडळी मागच्या रांगेतून म्हणायची, डिजिटल सहीचं डोंगल आमचं, सही आमची, चूक निघाली तर निलंबनही आमचंच. मग आम्हाला न विचारता कुठलाही आकडा आपोआप आत येता कामा नये. प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या खुर्चीवरून बरोबर होतं. शेतकरी खोलीत नव्हता. बहीण तर नव्हतीच.

सगळ्यात कडाक्याचं भांडण वेळेचं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५० प्रमाणे तलाठ्यानं फेरफार नोंदवहीत नोंद घ्यायची, चावडीवर लावायची, ज्यांचा संबंध आहे त्या सर्वांना नोटीस द्यायची. हरकत घ्यायला पंधरा दिवस. हरकत आली तर ती वेगळ्या नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबारा बदलतो. बँकेला हे पंधरा दिवस म्हणजे सरकारी दिरंगाई वाटे. आम्हाला माहीत होतं की नोटीस हातात पडल्यावरच कितीतरी बहिणींना, चुलत्यांना, विधवा भावजयांना पहिल्यांदा कळतं की आपली जमीन विकली जातेय.

अशा वेळी बैठकीत दोन प्रकारची उत्तरं हमखास येतात. एक, जो मोठा साहेब असेल त्यानं ठरवावं. दुसरं, मध्य काढावा. आमच्याही बैठकीत कुणीतरी म्हणालं, पंधराचे सात दिवस करा. पंधराचे सात केले असते तर बँकेलाही पुरले नसते आणि बहिणीलाही. शिवाय कायद्यातला आकडा बदलण्याचा अधिकार त्या खोलीत कुणालाच नव्हता, पण चर्चा रंगली.

मी त्या बँकवाल्या साहेबांना चहाच्या वेळी गाठलं. नियम वगैरे बाजूला ठेवून विचारलं, ‘उतारा हातात आला की तुम्ही पुढे नेमकं करता काय?’ ते म्हणाले, फाइल वकिलाकडे जाते, तो शोध घेतो, जमिनीवर दुसऱ्या कुणाचा दावा वा व्यवहार चालू आहे का ते बघतो. म्हणजे त्यांना मालकी लगेच बदलून नकोच होती. काहीतरी चालू आहे, एवढं लगेच कळायला हवं होतं. आणि बहिणीचा आग्रह काय? मला विचारल्याशिवाय मालकी बदलू नका. व्यवहार चालू असल्याचं जगाला कळलं तर तिचं काहीच बिघडत नव्हतं, उलट तिला ते हवंच होतं. ‘लगेच’ आणि ‘थांबा’ ही भाषा एकमेकांच्या अगदी विरुद्ध. पण एकाला माहिती लगेच हवी होती आणि दुसरीला हक्काची नोंद थांबवायला हवी होती. ज्या रकान्यात दोन्ही कोंबली होती तो रकाना भांडत होता, माणसं नव्हे.

गंमत म्हणजे याचं उत्तर आमच्या दप्तरात आधीपासून होतं. हाताचे सातबारे होते तेव्हा फेरफार नोंदवहीत नोंद धरली की तलाठी त्या गटाच्या सातबाऱ्यावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात तो क्रमांक टिपून ठेवायचा. मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केली की तीच शाईनं पक्की. नामंजूर झाली की पेन्सिल खोडून टाकायची. जुनं नाव कमी करायचं तर खोडायचं नाही, त्याला कंस करायचा. ‘त्याच्या नावाला कंस झाला’ असं गावात आजही म्हणतात. या दोन सवयींत किती गोष्टी सामावलेल्या होत्या. शाई म्हणजे झालेलं, पेन्सिल म्हणजे व्हायचंय, कंस म्हणजे होतं पण आता नाही. उतारा बघायला आलेला माणूस तलाठ्याच्या खांद्यावरून डोकावला की तिन्ही एका नजरेत दिसत.

पुण्याहून आलेल्या एका तरुण प्रोग्रामरला मी असं जुनं पुस्तक दाखवलं. पोरगा हुशार होता आणि बोलायला नम्र. पेन्सिलीच्या ओळीवर बोट ठेवून त्यानं विचारलं, ‘मॅडम, हे खोडायचं राहिलंय का?’ त्याच्या दृष्टीनं ती घाण होती, साफ करून भरायची. त्याचा दोष नाही. त्याला दिलेल्या छापील नमुन्यात पेन्सिलीचा रकाना नव्हता, कारण पेन्सिल ही कधी नियमात ठळक लिहिलेली गोष्ट नव्हती, ती हाताची रीत होती. संगणकावर पहिल्यांदा आलेल्या उताऱ्यात म्हणूनच दोनच अवस्था उरल्या: नोंद आहे किंवा नाही. खरेदीखत झाल्यापासून फेरफार प्रमाणित होईपर्यंतच्या काळात उतारा कोरा करकरीत आणि जुन्याच मालकाचा दिसे. एकच जमीन दोघांना विकायची ज्याच्या मनात असेल त्याला यापेक्षा सोयीचं काय हवं?

ही फट बुजवण्याचं काम दोन टप्प्यांनी झालं. दस्त नोंदणीची ‘आय-सरिता’ आणि फेरफाराची ‘ई-फेरफार’ या दोन्ही प्रणाली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं, म्हणजे एनआयसीनं, बांधल्या आणि एकमेकींना जोडल्या. पूर्वी दस्ताची सूची कागदावर तहसीलला येई आणि तिथून तलाठ्याकडे पोचेपर्यंत केव्हा पोचेल ते देव जाणे. आता दस्त नोंदला की माहिती थेट तलाठ्याच्या खात्यात उतरते आणि फेरफार तयार होतो. पण तलाठ्यांचं म्हणणंही राखलं गेलं: माहिती आपोआप येते, सातबारा आपोआप बदलत नाही. नोटीस, पंधरा दिवस, मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणीकरण, सगळं जागच्या जागी. दुसरा टप्पा २०२० साली उताऱ्याचं नवं रूप आलं तेव्हाचा. त्यात त्या गटावर प्रलंबित फेरफार असेल तर तो स्वतंत्र दिसू लागला, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख आली, जुने फेरफार क्रमांक वेगळ्या जागी गेले, आणि कमी झालेली नावं व फिटलेले बोजे आडवी रेघ मारून दाखवले जाऊ लागले. बघणाऱ्यांना ही सजावट वाटली. मला पेन्सिल आणि कंस परत आलेले दिसले.

त्या आडव्या रेघेवर मात्र अजून वाद आहे आणि तो मिटलाय असं मी म्हणणार नाही. एक म्हातारे शेतकरी माझ्या टेबलाशी आले होते, सोसायटीचं कर्ज पै न् पै फेडलेले. ‘बाई, फिटलं तरी दिसतंच की हो. रेघ मारली म्हणून काय झालं, वाचता येतंय ना.’ त्यांच्या नातीची बोलणी चालू होती. त्यांना कोरा कागद हवा होता, वकिलांना इतिहास. मी त्यांना सांगितलं की रेघ हीच तुमची पावती आहे, उद्या कुणी म्हणालं कर्ज थकलंय तर दाखवायला. त्यांना ते पटलं नाही. मलाही ते पुरतं पटलेलं नव्हतं; दिसण्यालाही किंमत असते आणि ती किंमत कर्ज घेणाराच मोजतो, बँक नाही.

आता आणेवारीचं सांगते, कारण संगणकानं आमचा सगळ्यात जास्त घाम तिथे काढला.

जुन्या सातबाऱ्यांवर भावांचे हिस्से आणे-पैत लिहिलेले असत. सगळी जमीन म्हणजे सोळा आणे. एका आण्याला बारा पै, म्हणजे रुपयाला १९२ पै. तिघं भाऊ असले की प्रत्येकी पाच आणे चार पै, बरोबर, शिल्लक शून्य. ज्यांनी ही पद्धत घातली त्यांना भावकी माहीत होती. मग संगणक आला आणि म्हणाला, प्रत्येक खातेदारापुढे हेक्टर-आर-चौरस मीटर भरा, आणि सगळ्यांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळली पाहिजे. एक हेक्टर तिघांत वाटा बघू. तेहेतीस पूर्णांक तेहेतीस आर, तीनदा. बेरीज नव्व्याण्णव पूर्णांक नव्व्याण्णव. एक चौरस मीटर हवेत. प्रणाली विसंगतीच्या यादीत तो गट टाकून मोकळी. मग कुठल्या तरी भावाला तेहेतीस पूर्णांक चौतीस द्यायचे. कुठल्या? थोरल्याला दिले तर धाकटा विचारणार का, धाकट्याला दिले तर थोरला. एका चूल मांडायच्या जागेवरून मी दोन सख्ख्या भावांना तहसीलच्या व्हरांड्यात तासभर भांडताना पाहिलंय, आणि दोघांपैकी कुणालाही ती जागा शेतात दाखवता आली नसती.

दाखवता आली नसती हेच त्यातलं मर्म. कलम ८५ खाली रीतसर वाटप आणि मोजणी होत नाही तोवर भावाचा हिस्सा हा हिशेब असतो, माती नसते. हिस्सा आणि क्षेत्र या दोन वेगळ्या गोष्टी. आकडेवारीवाल्यांचा आग्रह बेरीज जुळण्याचा होता, आणि तो रास्तच होता. बेरीज न जुळणारा हक्कनोंदीचा तक्ता ठेवून काय करायचं? भावांचा आग्रह समान हिश्श्याचा होता. उत्तर होतं सामाईक खातं: क्षेत्र एकदाच, खात्याच्या नावापुढे, त्याखाली सगळी नावं. बेरीजही जुळते आणि कुणाला तेहेतीस पूर्णांक चौतीस द्यावे लागत नाहीत. पण २०१९ मध्ये पीएम-किसान योजना आली आणि पहिल्यांदा दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांनाच लाभ असल्यानं प्रत्येकाचं वेगळं क्षेत्र मागितलं गेलं. सामाईक खात्यातल्या माणसांची रांग परत माझ्या टेबलाशी. कुणी सुचवलं, सगळी सामाईक खाती फोडून टाका, कायमचा प्रश्न मिटेल. माझा याला विरोध होता आणि अजून आहे. योजनेला हिस्सा लागतो तर योजनेनं तो त्यांच्या अर्जात मोजून घ्यावा. एका योजनेच्या अटीपायी हक्कनोंदीत खोटी वाटणी लिहायची म्हणजे उद्या कुणीतरी तो उतारा घेऊन बांध घालायला जाणार. संहितेच्या कलम १५७ प्रमाणे हक्कनोंदीतली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. ज्या कागदाला कायद्यानं एवढं वजन दिलं त्यात सोयीसाठी काही लिहू नये.

सगळ्यात अवघड माणूस तो, जो बैठकीला येत नाही. वर म्हटलं तसं बहीण येत नव्हती. म्हणून तिची मागणी कुठल्याही टिपणात नव्हती, आणि नव्या प्रणालीत तिची अवस्था जुन्याच कागदासारखी उतरली. बापाच्या मागे वारसनोंद करताना मुलांची नावं भोगवटादाराच्या रकान्यात आणि मुलींची ‘इतर अधिकारा’त, हा गावोगावचा रिवाज होता. त्या रकान्यात बँकेचा बोजा असतो, विहिरीचा हक्क असतो, वहिवाटीची वाट असते, आणि त्यातच तीन लेकी. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क दिला, केंद्राचा कायदा २००५ मध्ये बदलला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा प्रकरणात सांगून टाकलं की हा हक्क जन्मानंच आहे, २००५ चा बदल लागू झाला तेव्हा वडील हयात होते की नव्हते याच्याशी त्याचा संबंध नाही. रकाना मात्र ‘आहे तसं भरा’ या आदेशानं भरला गेला. डेटा एंट्री करणाऱ्याला दुसरा आदेश नव्हता आणि नसावाही. त्यानं मनानं हक्क बदलायला सुरुवात केली तर अनर्थ. पण मग हे कुणी करायचं?

डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून लोकांना मिळू लागला. त्याआधी आम्ही गावोगाव चावडी वाचन केलं. संगणकातला सातबारा मोठ्यानं वाचायचा आणि चूक असेल तर ज्याची त्यानं सांगायची. मला हा प्रकार मनापासून आवडला. बैठकीच्या खोलीत न बसलेल्यांना बोलायची ही एकच संधी होती. तिथेही बायका कमीच येत, हे खरं. पण एका गावात एक आजी शेवटपर्यंत बसून राहिल्या आणि आपल्या भावाचा गट वाचून झाल्यावर म्हणाल्या, ‘माझं नाव वाचलं का? मला ऐकू आलं नाही.’ ऐकू यायचं काही कारण नव्हतं, नाव नव्हतंच. भाऊ तिथेच बसला होता. तो प्रश्न संगणकाचा नव्हता, पण वाचन झालं नसतं तर विचारलाही गेला नसता. आता ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर फेरफाराच्या नोटिसा घरबसल्या पाहता येतात. बाहेरगावी नांदणाऱ्या बायकांना मी कायम सांगते, महिन्यातून एकदा माहेरच्या गावाचं नाव टाकून बघा, कुणाला सांगायची गरज नाही.

बाराव्या नमुन्याची गोष्ट निराळी आणि थोडक्यात सांगण्यासारखी. एका तलाठ्याकडे अनेक गावांची सजा, हंगाम एकाच वेळी सगळीकडे. मग काही ठिकाणी गेल्या साली जे होतं तेच यंदाही, असा पेरा लागत असे. या पेऱ्यावर विमा कंपनी, खरेदी केंद्र, कृषी खातं आणि बँक असे सगळे विसंबलेले. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली: शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून मोबाईलवर पीक भरायचं, फोटो काढायचा, जागेचे अक्षांश-रेखांश सोबत जातात. विमावाल्यांना वाटे, शेतकरी हवं ते भरेल. शेतकऱ्याला वाटे, तलाठी घरी बसून भरतो. तोडगा असा निघाला की शेतकऱ्याचं म्हणणं खरं धरायचं, तलाठ्यानं किमान दहा टक्के नोंदी तपासायच्या आणि चुकलं तर शेतकऱ्याला अठ्ठेचाळीस तासांत स्वतःच दुरुस्त करता येईल. पिकाच्या नोंदीला हे चालतं. मालकीच्या नोंदीला असलं काही सुचवलं असतं तर मीच पहिली रस्त्यावर उतरले असते. ज्याच्याकडे मोबाईल नाही त्याचं काय, यावर एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करायची मुभा दिली. सुरक्षेच्या पुस्तकात हे बसत नाही, पण गावात एक चांगला फोन असलेला पोरगा साऱ्या आळीचा पेरा भरतो, हे ज्यानं मान्य केलं त्याला गाव कळत होतं.

२०२३ मध्ये कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर झालं आणि सातबाऱ्यावर कांद्याची नोंद असण्याची अट आली. ज्यांनी कांदा लावला होता पण नोंद केली नव्हती अशांची धांदल उडाली; शेवटी गावपातळीवर खातरजमा करून वाट काढावी लागली. नोंद करताना तिला पैशाचं वजन नव्हतं, नंतर आलं. माहिती एकदा जमली की तिला नवे गिऱ्हाईक येतातच, आणि त्यांची मागणी आधी कुणीच ऐकलेली नसते.

हे सगळं सुटलं तरी एक माणूस कुठल्याच रकान्यात बसत नाही: वाट्यानं किंवा खंडानं दुसऱ्याची जमीन कसणारा. पेरणी त्याची, खत त्याचं, गारपिटीत नुकसान त्याचं. भरपाई मात्र सातबाऱ्यावरच्या नावाला. त्याच्यासाठी गाव नमुना ७ब आहे, मालकाव्यतिरिक्त कसणाऱ्याचा. तो भरायचं नाव काढलं की मालकाच्या अंगावर काटा येतो. कारण १९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन आमच्या भागातले लोक अजून विसरलेले नाहीत. त्या तारखेला कसणाऱ्या कुळांना जमिनी मिळाल्या आणि ज्यांच्या गेल्या त्यांची नातवंडंसुद्धा ती गोष्ट सांगतात. म्हणून करार तोंडी, दरवर्षी माणूस बदलायचा किंवा निदान बदलल्यासारखं दाखवायचं. इथे एकाचं नाव लिहिणं म्हणजे दुसऱ्याला जमीन गमावायची भीती. पेन्सिलीसारखी युक्ती इथे चालत नाही, कारण माहिती आणि हक्क वेगळे करायला कायदाच तयार नाही. अशा ठिकाणी प्रोग्रामरला बोलावून ‘एक रकाना वाढव’ म्हणणं म्हणजे आपलं भांडण त्याच्या गळ्यात मारणं.

आंध्र प्रदेशानं २०१९ मध्ये यासाठी वेगळा कायदा केला. कसणाऱ्याला अकरा महिन्यांचं कार्ड मिळतं, त्यावर पीककर्ज, विमा, भरपाई मागता येते, आणि मालकाच्या हक्काला त्यानं धक्का लागत नाही असं कायद्यातच लिहिलंय. हक्कनोंदीला हात न लावता बाजूला दुसरी नोंद. रचना मला पसंत आहे. अडचण एवढीच की कार्डावर मालकाची सही लागते आणि भीती कागदावर लिहून जात नाही.

आमचंही थोडं वडिलोपार्जित रान आहे, गावातलाच एकजण ते वाट्यानं करतो. आपल्याकडे असं कार्ड आलं तर मी सही करीन. पण खातं सामाईक, म्हणजे सही आम्हा सगळ्या भावंडांची लागणार. धाकट्या भावाला फोनवर हे सगळं समजावून सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘ताई, अकरा महिने संपले आणि त्यानं रान सोडलं नाही, तर ते तुम्ही कुठल्या नमुन्यात लिहिणार?’